स्क्रूवरची जांभळी रेघ

नाव: टेसा रेनफ्रो. वय: २४ वर्षे. शिक्षण: बी.एस्सी. व्यवसाय: डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी सहायक. राहणार: मिल क्रीक रस्ता, हॉलो फोर्क काउंटी, मिसूरी.

मी आज सोमवार, २८ एप्रिल रोजी सकाळी सव्वादहा वाजता शेरीफ कार्यालयात कोणी न बोलावता हजर होऊन सांगते ते असे. डेप्युटी ऑर्विल केम्प यांनी मला पहिला प्रश्न विचारला, की बंदुकीवरची नेम धरायची जुनी साईट तशीच राहू दिली असती तर डॉयल स्टिगल आज जिवंत असते का. या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. जे देता येते ते खाली देत आहे.

मयत डॉयल स्टिगल हे माझे वडील व्हर्जिल रेनफ्रो, वय ६१, यांचे चाळीस वर्षांचे शिकारीतले जोडीदार. मी त्यांना डॉयलकाका म्हणत असे. वडील शाळेची बस चालवतात. त्यांच्या फेरीत एकतीस मुले आहेत.

वडिलांच्या बारा बोअर बंदुकीवर गेल्या वर्षीपासून लाल ठिपक्याची साईट होती. तिच्या काचेत एक लाल ठिपका दिसतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून तो पक्ष्यावर टेकवायचा असतो. फेब्रुवारीत स्वयंपाकघरातल्या टेबलावर बंदूक पुसताना वडील म्हणाले, "हा ठिपका बघ. चिरडलेल्या रासबेरीसारखा दिसतोय. मालच खराब."

डॉयलकाका तिथे कॉफी घेत बसले होते. त्यांनी साईटला डोळा लावला आणि म्हणाले, "मला तर गोल दिसतोय, व्हर्ज. चिरडलायस तूच."

"तुझ्या टकलासारखा गोल दिसत असेल," वडील म्हणाले. दोघे हसले.

मी साईटमधून मोबाइलने फोटो काढला. फोटोत ठिपका गोल आला. दवाखान्यात येणाऱ्या शिकाऱ्यांना ही चाचणी मीच सांगते. फोटोत ठिपका नीट आला तर दोष साईटचा नसतो, डोळ्याचा असतो. तो चष्म्याने निभावणारा असेल किंवा मोतीबिंदू असेल, तपासल्याशिवाय कळत नाही. मी वडिलांना तपासणीला यायला सांगितले. ते म्हणाले, "तुझ्या त्या खुर्चीत बसलो की बस गेली माझी. असंच दिसत राहिलं तर या हंगामात बंदूक भिंतीवर राहू दे. चालेल मला."

बंदूक भिंतीवर राहिलेली मला चालणार नव्हती. मला शिकार त्यांनीच शिकवली, मी नऊ वर्षांची असताना. मार्चमध्ये मी प्रिझम साईट निवडून आणली. तिच्यात नेमाची खूण काचेवरच कोरलेली असते, त्यामुळे डोळा अधू असला तरी ती फिसकटत नाही. मागचे कडे फिरवून ती आपल्या डोळ्याला जुळवता येते. दवाखान्यात करते तसे मी ते कडे थोडे थोडे फिरवत वडिलांना विचारत होते, "आता बरं, की आधीचं बरं?" चाळीस पावलांवर लावलेल्या कागदावर सगळे छर्रे जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसले. वडील म्हणाले, "बघ. डोळ्यांना काय धाड भरलीये?"

खूण स्पष्ट दिसणे आणि खुणेपलीकडचे स्पष्ट दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत होते. त्या दिवशी मी काही बोलले नाही.

शनिवार, २६ एप्रिल रोजी सकाळी सहा वाजता आम्ही तिघे स्टिगल यांच्या जंगलात शिरलो. डॉयलकाका तळ्याकडे बसायला गेले. वडील आणि मी चढावरच्या ओकखाली बसलो. कोणी जागा सोडायची नाही असे ठरले होते. सात दहाला तळ्याच्या बाजूने रानटर्कीचा नर ओरडला. मी स्लेटच्या तुकड्यावर काडी घासून मादीचा आवाज काढत होते. नराने दोनदा उत्तर दिले आणि तो गप्प झाला. सात पस्तीसच्या सुमारास वडिलांनी बंदूक उचलली. माझी नजर स्लेटवरून वर गेली तेव्हा त्यांचा डावा डोळा मिटलेला होता. ठिपक्याच्या साईटला ते दोन्ही डोळे उघडे ठेवत. बार झाला.

"मेला," वडील म्हणाले. ते नेहमी असेच म्हणतात. पक्षी आणायला मी धावले. नेहमी मीच धावते.

चौतीस पावलांवर, आडव्या पडलेल्या खोडामागे डॉयलकाका होते. ते नराच्या मागावर चढ चढून आले असावेत. त्यांच्या अंगावर लाल, पांढरा किंवा निळा कपडा नव्हता. ते टर्कीच्या डोक्याचे रंग, म्हणून हंगामात आमच्याकडे कोणी घालत नाही. त्यांनी टोपी आणि तोंडावरची जाळी काढली होती. चढ चढल्यावर त्यांचे टक्कल लाल होत असे, तसे ते झाले होते. हातात पांढरा रुमाल होता. तोच मी त्यांच्या गळ्यावर दाबून धरला. सात अडतीसला फोन केला. रुग्णवाहिका आठ वीसला आली. तोपर्यंत दाबून धरण्यासारखे काही राहिले नव्हते.

वसंतात आमच्याकडे छातीवर दाढी, म्हणजे लोंबणारा केसांचा झुपका, असलेलाच पक्षी मारता येतो. दाढी दिसल्याशिवाय खटक्याला बोट लावायचे नाही, हे मला वडिलांनी शिकवले. मी तिथेच त्यांना विचारले, "बाबा, दाढी दिसली होती का?"

ते म्हणाले, "असेल असं वाटलं."

काल रविवारी चर्च सुटल्यावर माझे काका वेंडेल रेनफ्रो जेवायला आले. ते म्हणाले, "साईट सैल होती म्हणून सांगायचं. नेम पक्ष्यावर होता, बार भलतीकडे गेला. डॉयल काही परत यायचा नाही."

मी म्हणाले, "साईट सैल नव्हती, काका. नेम धरला तिथेच बार गेला."

"एवढं कॉलेज केलंस ते बापाला आत घालायला?" काका म्हणाले.

वडील ताटातल्या बटाट्यांकडे बघत होते. ते म्हणाले, "स्क्रू तूच आवळले होतेस ना, टेस." आईने ताटे उचलली. कोणाचेच जेवण झाले नव्हते.

स्क्रू मी आवळले होते हे खरे आहे. आवळल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत मी आईच्या जांभळ्या नेलपॉलिशची रेघ ओढली होती. स्क्रू केसभर फिरला तरी ती रेघ तुटते. रुग्णवाहिकेची वाट बघताना वडिलांनी तिथे आणून टाकलेली बंदूक माझ्यासमोर पडलेली होती. तिन्ही रेघा अखंड होत्या. बंदूक आता आपल्या ताब्यात आहे, आपण पाहावे. फेब्रुवारीतला फोटो ज्यात आहे तो मोबाइल मी जमा करत आहे.

येथवरचा मजकूर डेप्युटी केम्प यांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. आणखी काही राहिले का, असे त्यांनी विचारले. एक राहिले, ते लिहून घ्यावे.

वडील आजही बस काढणार होते. "मुलं थांबतात रस्त्यावर," असे ते काल आईला म्हणाले. आज सकाळी साडेपाचला मी दाराजवळच्या खिळ्यावरून बसची किल्ली काढली. मी गाडी सुरू केली तेव्हा वडील बसचे जाकीट घालून दारात उभे होते आणि हाताने खिळा चाचपत होते. शाळेच्या बसगाड्या ज्यांच्याकडे आहेत त्या श्रीमती ग्लेंडा पोग यांच्या घरी जाऊन मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि सांगितले, की माझ्या वडिलांना दिसत नाही आणि हे मला फेब्रुवारीपासून माहीत आहे.

सही: टेसा रेनफ्रो