बिनआवाजाची स्कूटर

आमच्या वसंताच्या स्कूटरचं सांगितलं का तुम्हाला? छिंदवाड्याला जाऊन परत नागपूर, अशी स्कूटरची शर्यत होती. वसंताने इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर बसवली होती. घाट उतरताना ब्रेक मारला की तिची बॅटरी भरायची. मी मागे बसलो होतो. परतताना नागपूरच्या अलीकडे, कोराडीजवळ पेट्रोल संपलं. वसंताने मोटर लावली आणि आम्ही चुपचाप मैदानातल्या शेवटच्या रेषेवर पोचलो.

पंच म्हणाले, “इंजिनाचा आवाज नाही, म्हणजे ढकलत आणली गा तुम्ही. बाद!”

वसंता म्हणाला, “बसा जी मागं.”

मैदानाला एक चक्कर झाली. पंच उतरले आणि वाकून इंजिन पाहू लागले.

“कशानं चालून राहिली गा हे?”

बक्षीस वाटायची वेळ झाली, तर पंच सापडेनात. ते वसंताच्या स्कूटरखाली आडवे पडून मोटर शोधत होते.