पिशवीवरचा कोड

झेरॉक्सच्या दुकानात माझ्या पुढे बहीणभाऊ उभे होते. ती पिशव्या शिवते, आणि प्रत्येक पिशवीवर लावायला तिला क्यूआर कोड छापून हवा होता. माझी प्रिंट राहिली बाजूला, माझे कान तिकडेच!

"काका, स्कॅन केलं की माझं नाव आणि माझा नंबर दिसला पाहिजे."

"नंबर माझा टाका, काका. हिला कोणीही फोन करेल."

"कोणीही करावा म्हणूनच तर कोड काढतेय, दादा!"

"बरं, नाव तरी आपल्या दुकानाचं टाक."

"दुकान तुझं. पिशव्या मी शिवते. तू कधी साधं बटण तरी लावलंयस?"

"अगं, उद्या लग्न होऊन आडनाव बदललं, की सगळे कोड वाया!"

"भांडू नका रे," झेरॉक्सवाले काका मधे पडले. "कोड दोन प्रकारचे असतात. एकातली माहिती नंतर बदलता येते. दुसऱ्यात एकदा छापलं की छापलं."

"बघ! शहाणी असशील तर बदलता येणारा घे."

"म्हणजे मी घरी पोचायच्या आत तू तुझा नंबर घालशील. काका, दुसरा द्या."

"पोरी, नीट विचार कर. मग त्यातलं नाव जन्मात बदलणार नाही."

"मग बघायला येणाऱ्या मुलाला आधी हाच स्कॅन करायला लावीन. छापा!"