अर्धी मात्रा

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची विद्वान मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या मॅडम, आणि दाटीवाटीनं बसलेल्या मुली व त्यांचे पालक, सर्वांना माझा नमस्कार.

मी चौथी शिकलेली. या नृत्यवर्गात झांज धरते, आईच्या वेळेपासून. आई म्हणजे मॅडमच्या गुरू. तिला जाऊन चार महिने झाले. रडू आलं नाही, अजूनही येत नाही. असो, तो आजचा विषय नाही.

मघापासून सगळे सांगताहेत की मॅडम नाचल्याही आणि त्यांनी नाचावर ग्रंथही लिहिला. खरंच आहे. पण तो ग्रंथ इथं किती जणांनी वाचलाय? मी तर नाहीच. परवा लेकीनं वाचून दाखवला. आई गिरकी घेताना डावा पाय अर्धी मात्रा थांबवायची. त्या थांब्यावर मॅडमनी अकरा पानं लिहिलीत, जुन्या पोथ्यांचे दाखले देऊन.

मी म्हटलं, "अगं, तो आजीचा गुडघा."

मी तान्ही असताना आई जिन्यावरून पडली. गुडघा गेला हे नाचणारीनं बोलायचं नसतं, कार्यक्रम मिळत नाहीत. पुढं मॅडम शिकायला आल्या. त्यांनी विचारलं, "हे परंपरेतलं का?" आई म्हणाली, "हो." झालं.

काल मॅडमच्या खोलीत गेले. ग्रंथाची नवी आवृत्ती सोमवारी छापायला जायची होती. आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. मॅडमनी ती अकरा पानं उलटून पाहिली. मग म्हणाल्या, "म्हणजे तीस वर्षं मी मुलींना लंगडायला शिकवलं म्हण की."

"छान लंगडतात," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी फोन करून छपाई थांबवली. "मूळ गिरकी कशी होती? तू तिची लेक, तूच करून दाखव, मी लिहिते."

उभी राहिले. मॅडमनी ताल धरला. मी तीनदा गिरकी घेतली. तिन्ही वेळा पाय तिथंच थांबला. माझे गुडघे तर धड आहेत.

मॅडमनी पेनला टोपण लावलं. "उद्या हे तूच सांग. माझ्यानं सांगवणार नाही."

म्हणून सांगितलं. पडण्याआधीची आईची गिरकी पाहिलेलं कोणी या सभागृहात असेल, तर हात वर करा. जुनी मंडळी बसलीत, म्हणून विचारते.

नाही कोणी? बरं.

मॅडमना उदंड आयुष्य लाभो. माझं ऐकून घेतलंत, आभारी आहे. शब्द उणाअधिक गेला असेल तर पोटात घाला.