बाबलीच्या वाटचा खारा बांगडा

…आणि वर म्हणे सैल पडा! तुम्हाला सांगतो, हरमलचा आमचा बाबली, गोवा राज्य झालं त्या साली दोन जुन्या मोटरसायकली भाड्यानं देऊन धंद्याला लागलेला गडी, जन्मात कुणापुढे वाकला नाही, तो म्हापशाला डॉक्टरच्या टेबलावर उघडा पडून पडद्यावर स्वतःचं हृदय बघतोय, आणि डॉक्टर म्हणतो कसा, थंडपणे, "बाबलीबाब, रक्तदाबानं तुमच्या हृदयाची भिंत जाड झालीय. दाबतं जोरात, पण नंतर सैल पडत नाही. सैल पडलं तरच रक्त भरणार ना? गोळ्या घ्या, मीठ कमी, तळलेलं बंद, भाज्या, कडधान्यं खा… आणि तुम्हीही जरा सैल पडा!"

सैल पडा! कसा पडणार? घरी बायको, प्रभावती, बसली ना कंबर कसून! चढावर बाबली छाती धरून थांबायला लागला तेव्हा तिनंच त्याला ओढत म्हापशाला नेलेला. घाबरली होती हो, पण दाखवते कुठली! सकाळची भजी गेली, कुळथाची पेज आली. दुपारी लाल भात, तांबडी भाजी, मुगाची उसळ. बाबलीनं एक घास घेतला.

"गो, मीठ खंय?"

"मीठ डॉक्टरान खाल्ल्यान! जेवा गप!"

"आणि खारो बांगडो?"

"तो आसा. पण तुमका ना!"

आता मला सांगा, निखाऱ्यावर खारा बांगडा चरचरतोय, वास नाकात येतोय, ताटात येत नाही, आणि माणसानं म्हणे सैल पडायचं!

पण बाबली पक्का! "हृदय म्हणजे काय गो? इंजीन! तेल बदललां काय पळतला!" आणि पाळलं हो त्यानं, वर्षभर पाळलं! दोन गाड्यांचा धनी रोज किनाऱ्यावरून पायी चालायचा, न थांबता चढ चढायचा, वर पोचून शिट्टी! मग परत म्हापसा, परत टेबल, परत पडदा… डॉक्टर खूश! "वा! भिंत थोडी उतरलीय, सैलही बरं पडतंय! कुणाची करामत?"

बाबलीनं ऐटीत मागं बघितलं. प्रभावती जिना चढून आलेली, खुर्चीत टेकून पदरानं घाम पुसत होती. धाप लागलेली.

"काय गो?"

"काय ना. जिनो उंच."

डॉक्टरनं तिचा दाब बघितला, आणि त्याचं हसू गेलं. तिलाही टेबलावर घेतलं. पडद्यावर तीच जाड भिंत!

"बाई, जेवता काय तुम्ही?"

बाई हळूच, "ह्यांच्या वाटचो बांगडो… टाकूचो कसो? अन्न ता!"

"आणि याआधी दाब कधी तपासला होता?"

"माका काय झाला होता?"

अख्खा संसार झाला, एकाच चुलीवरचं दोघं जेवली, आणि हिच्या छातीत काय चाललंय ते बाबलीनं कधी विचारलं होतं? जिना उतरताना त्यानं तिचा हात धरला, भर म्हापशात!

"सोडा! लोक बघतत!"

"बघूं देत. तू सैल पड!"

घरी आल्यावर पेज त्यानं स्वतः शिजवली. पाणी झालं होतं, पण ती मुकाट प्यायली. आणि बांगड्याची अख्खी बरणी त्यानं शेजारच्या सखारामाच्या मांजरापुढे रिकामी केली. नको ती कटकट घरात!

काल सखाराम कुंपणावरून विचारतो, "बाबली, आमचां मांजर माडार चढताना धापता कित्याक रे?"

बाबलीनं सुस्कारा सोडला. "चल… न्हेऊया तेकाय म्हापशाक!"