अर्डिसचं रीळ आणि माझा सल्ला

...आणि वर मलाच विचारतात हो, "लाइल, कुठला हेडफोन घेऊ रे?" अहो, मी सांगतो! घशाला कोरड पडेपर्यंत सांगतो, कागदावर लिहून देतो, आणि हे लोक "वा वा, छान छान" म्हणतात, कागदाची घडी करून खिशात घालतात आणि दुकानात जाऊन भलतंच काहीतरी उचलून आणतात! मग मला विचारता कशाला?

आता आमचा मेव्हणाच घ्या, ड्वेन. बायकोचा भाऊ, म्हणजे बोलायची सोय नाही. कॉम्प्युटर घ्यायचा होता त्याला. मी अकरा पानं लिहून दिली. प्रोसेसर कुठला, रॅम किती, पंखा कुठल्या बाजूला, सगळं! हा गडी हायवेवरच्या दुकानात बर्फ उपसायचं फावडं आणायला गेला आणि फावड्याबरोबर कॉम्प्युटर घेऊन आला. आतून लाल-हिरवे-जांभळे दिवे लागणारा! मी म्हटलं, "ड्वेन, आत प्रोसेसर कुठला आहे?" तर म्हणतो, "ते नाही बघितलं रे, पण दिवे बघ ना!" ...आणि तुम्हाला सांगतो, सहा वर्षं झाली, त्या डबड्याला काही म्हणजे काही झालेलं नाही! माझा, अकरा पानांवाला, दर हिवाळ्यात बंद पडतो. आता हे मी कुणाला सांगू?

बरं, ते जाऊ दे. अख्ख्या डलूथ गावात माझा सल्ला अक्षरशः पाळणारं एकच माणूस निघालं. आणि ते कोण, तर आमच्या सासूबाई! अर्डिस. वय शहाऐंशी.

झालं काय, तळघर आवरताना त्यांना एक रीळ सापडलं. टेपचं, जुनं, थाळीएवढं. वर आमच्या सासऱ्यांच्या अक्षरात लिहिलेलं, 'ऑरव्हिल, १९६८'. सासरे जाऊन सात वर्षं झाली आणि त्यांचा आवाज दुसरा कुठे म्हणजे कुठेच नाही. सासूबाई ते रीळ मांडीवर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "लाइल, हे ऐकायला काय घ्यावं लागेल रे? माझा डावा कान गेलाय, उजव्याला डॉक्टरांनी वर्षभर दिलंय. त्याआधी एकदा ऐकायचंय मला."

ड्वेन म्हणाला, "अगं आई, चर्चच्या तळघरात जुनं मशीन पडलंय, आत्ता लावू की!" मी किंचाळलो हो! ते मशीन? घाणेरडं! टेप खाऊन टाकेल! हे रीळ एकदाच वाजवायचं आणि तेव्हाच कॉम्प्युटरमध्ये नीट उतरवून घ्यायचं, त्याला साउंड कार्ड पाहिजे, अ‍ॅम्प्लिफायर पाहिजे, आणि मुख्य म्हणजे घाई नको! नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सेल लागू दे! आणि सासूबाई म्हणाल्या, "लाइलला कळतं त्यातलं. आपण थांबू."

आयुष्यात पहिल्यांदा, लोकहो! माझी छाती अशी फुगली!

सेल लागला. टेप वाजवायचं मशीन घेतलं. पण कॉम्प्युटर जुळवता जुळवता फेब्रुवारी उजाडला आणि बातमी आली की मार्चमध्ये नवा प्रोसेसर येतोय. आता फेब्रुवारीत जुना कोण घेतं? तुम्हीच सांगा! मी म्हटलं, "अर्डिस, थोडं थांबा." "थांबते की," म्हणाल्या. मार्च आला, प्रोसेसर आला, तर साउंड कार्ड त्याच्याशी बोलेना. "थांबते की." मग नवं कार्ड. मग हेडफोन! आता नवा हेडफोन असा काढला आणि कानाला लावला, असं नसतं. आम्ही जाणकार लोक तो आधी दोनशे तास नुसता वाजत ठेवतो. मोकळा व्हावा लागतो त्याचा पडदा! म्हणजे बघा, नऊ दिवस माझ्या टेबलाच्या खणात तो हेडफोन एकटा गात होता, आणि तिकडे सासूबाई ग्रेटाला, म्हणजे माझ्या बायकोला, फोनवर म्हणत होत्या, "मोठ्यानं बोल गं, काय म्हणतेस?"

ग्रेटा मला म्हणाली, "लाइल, तिला आता दारावरची बेल ऐकू येत नाही." मी म्हटलं, "एकशे साठ तास झालेत, चाळीसच राहिले." ती नुसती बघत राहिली. तुमची बायको अशी बघते का कधी? नको हो. भांडलेली बरी.

शेवटी सगळं तयार झालं. रविवारी दुपारी, चर्च सुटल्यावर. सासूबाई चक्क केस सेट करून आल्या होत्या, गळ्यात मोत्यांची माळ. नवऱ्याला भेटायचं होतं ना! मी हेडफोन चढवला आणि त्यांच्या कानातल्या ऐकायच्या मशीननं अशी शिट्टी मारली, अशी शिट्टी, की ड्वेनचा कुत्रा सोफ्याखाली घुसला. ते मशीन काढलं, तर त्यांना काहीच ऐकू येईना. आवाज वाढवला. नाही. मोठे स्पीकर लावले, भिंतीवरच्या तसबिरी हलल्या! सासूबाई हात मांडीवर ठेवून हसऱ्या चेहऱ्यानं विचारतायत, "लावलंस का रे?"

लावलं होतं हो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आणि रिळात होतं काय माहितीये? सासरेही आमच्याच जातीचे निघाले! अख्खी चाळीस मिनिटं, "हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. आता मी डावीकडून बोलतोय. आता उजवीकडून. आता जरा लांबून." बस्स! एक गाणं नाही, एक शब्द मायेचा नाही! अगदी शेवटी लांबून तरुण सासूबाईंचा आवाज येतो, "ऑरव्हिल, सूप गार होतंय!" आणि ते म्हणतात, "आलोच!" संपली टेप.

टेप संपत आली तेव्हा सासूबाईंनी उठून स्पीकरवर तळहात ठेवला होता. म्हणाल्या, "थरथरतंय. तोच आहे. काय म्हणतोय रे?"

मी स्वयंपाकघरातली सामानाच्या यादीची पाटी आणून तिच्यावर लिहिलं, 'आलोच म्हणतायत.' त्यांनी वाचलं आणि अशा हसल्या, अशा हसल्या, की डोळ्यांतून पाणी. "खोटारडा मेला! तासभर यायचा नाही!"

ग्रेटा रडत होती, ड्वेन रडत होता, मी तर विचारूच नका. आणि सासूबाई डोळे पुसून मला म्हणतात, "लाइल, आता मला खाली अक्षरं उमटणारा टीव्ही लागेल. कुठला घेऊ?"

काय सांगू मी? मी पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आजच जाऊ. समोर दिसेल तो घेऊ.'

त्यांनी वाचलं. चष्मा सारखा करून पुन्हा वाचलं. आणि माझ्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "असं घाईघाईत घेऊ नये रे बाळा. सेल लागू दे. मी थांबते की."