ताईचा वाटा

(कॉन्व्हेंटमधली भेटीची खोली. एकतीस वर्षं इथल्याच शाळेत शिकवून निवृत्त झालेली सिस्टर आणि समोर तिचा धाकटा भाऊ.)

भाऊ : ...वाचण्यासारखं काही नाही गं त्यात. आईच्या घरावरचा हक्क सोडला, एवढंच. खाली सही कर.

ताई : गणिताच्या बाईला न वाचता सही करायला सांगतोस?

भाऊ : तू गरिबीचं व्रत घेतलंयस. घर काय करायचंय तुला? उद्या तुझा वाटा या संस्थेच्या घशात जायचा.

ताई : नाही जायचा. मदरनी नियमांचं पुस्तकच काढून दाखवलं. मी कमावलं ते संस्थेचं, आईबापांकडून आलं ते माझं.

भाऊ : पण तू विचारायला कशाला गेलीस?

ताई : मी बाहेर पडतेय इथून. अर्ज दिलाय.

भाऊ : या वयात? कुणी काही बोललं का?

ताई : कुणी काहीच बोलत नाही, तेच तर. शाळा सुटल्यापासून दिवसदिवस मला कुणी हाक मारत नाही.

भाऊ : आणि इतक्या वर्षांचा पगार?

ताई : तो माझ्या हातात कधी आलाच नाही. परतही मागता येत नाही. मदरच्या डोळ्यांत पाणी आलं, पण नियम तो नियम.

भाऊ : एकटी कशी राहशील?

ताई : इथं तरी काय? घंटा वाजली की सगळ्या मिळून एकट्या असतो आम्ही. मला आईची मागची खोली दे. बाकी घर तुझं, तसं लिहून देते.

भाऊ : ताई... घर विकलंय मी. इसार घेतलाय.

ताई : मला न विचारता?

भाऊ : तू होतीस कुठं विचारायला? आई जाईपर्यंत दोन वर्षं तिचं आजारपण मी काढलं. तू पत्रं धाडलीस.

ताई : खरं आहे. ते ऋण फिटायचं नाही माझ्याकडून.

भाऊ : मग कर सही.

ताई : नाही. आधी माझ्या वाट्यातून एक खोली घेऊन दे. कसलीही चालेल.

भाऊ : सख्ख्या भावाला अडवतेस?

ताई : हो रे. दुसरं काहीच नाही माझ्याकडे.

भाऊ : ठीक आहे. यापुढं वकीलच बोलेल तुझ्याशी. निघतो मी.

ताई : थांब जरा. रागाव हवं तर, पण एवढं सांगून जा. खोली भाड्यानं घ्यायची तर आधी कुणाला भेटायचं असतं?