मल्लव्वाचं तारण

कुणी सांगितलं गं तुला त्या खाटेबद्दल? — म्हाळसाबाईनं? वाटलंच मला. झाडू मारता मारता ज्याला त्याला सांगत सुटते, "खिडकीची खाट लाभत न्हाय, बाई" — अगं, खाट म्हणजे काय सोयरीक आहे, लाभायला नि न लाभायला? लोखंडाचे चार पाय, वर गादी, आणि गादी तर कालच उन्हात घातली होती, मी स्वतः बघितलं. बस. — बरं, नको बसू, उभी राहा, पण ते गाठोडं तरी खाली ठेव, दम लागलाय तुला. नाव काय म्हणालीस? रंभा. जेऊरची. बघ रंभा, जेऊरहून गाडीत बसून इथवर आलीस, भाऊ दारापर्यंत सोडून गेला, डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उद्यापासून इंजेक्शनं सुरू करायची ठरली — आणि आता खाट पसंत नाही म्हणून संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत जाते म्हणतेस? अगं, परत गेलीस तर — मी घाबरवत नाही तुला — पण हा आजार घरी चुलीपुढे बसून बरा होत नाही. रक्त पडलं होतं ना? मग. दुष्काळात खडी फोडायला होतीस? तरीच. त्या कामावरच्या कितीतरी बाया येऊन गेल्या इथून. — बऱ्या होऊन गेल्या म्हणते मी. अशी बघू नकोस माझ्याकडे.

मी सुवार्ता. आमच्या ख्रिस्ती लोकांत असतात अशी नावं — सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. आमचे हे थट्टा करतात, म्हणतात, चांगली बातमी सदा अंथरुणातच. गिरणीत असतात ते, सुटी झाली की येतात, त्या दारातून बोलतात — दोन मुली आहेत, त्या नगरला बहिणीकडे ठेवल्यात, जवळ ठेवून चालत नाही ना. शाळेत बालवर्गाला शिकवायची मी, ते सुटलं. हा माझा इथला दुसरा फेरा. गेल्या नाताळात इथंच होते, होळीला घरी गेले, आणि दिवाळी झाली नि पुन्हा खोकला — आता दुसऱ्या बाजूला डाग आहे म्हणतात. असू दे. तर गेल्या खेपेला त्या खाटेवर मल्लव्वा होती. अक्कलकोटची, लिंगायत, पन्नाशीची बाई. ती — घरी गेली. हो, घरी गेली ती. तू म्हाळसाबाईचं ऐकू नकोस.

काय बाई होती, सांगते तुला! अंगात मूठभर मांस नाही आणि तोंड मात्र सोलापूरच्या तोफेसारखं. अर्धं मराठी, अर्धं कानडी. गळ्यात लिंग बांधलेलं, सकाळी ते तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि पूजा संपली की त्याच हातानं सिस्टरला दम द्यायची — "सुई नीट मार गं, मी काय तुजी चादर हाय व्हय टाचायला?" मूलबाळ नाही. मालकाचं कडधान्याचं दुकान, आणि बाजूनं लोकांची भांडी-दागिने तारण ठेवून घ्यायचा धंदा. ते सोमवारी यायचे, दारात उभं राहून खाकरायचे, फळं ठेवायचे नि जायचे. ती म्हणायची, "आमचं मालक बायकूलाबी तारण ठिवून गेले की दवाखान्यात — सोडवायचं लक्षन न्हाय." — हसलीस बघ. हसू आलं की नाही? आम्ही फार हसायचो. हसलं की खोकला यायचा, खोकला आला की सिस्टर ओरडायच्या.

तिला मी गोष्टी सांगायची. वेळ जात नाही ना इथं. नाताळ जवळ आला, तर येशूच्या जन्माची सांगितली — धर्मशाळेत जागा नव्हती, गोठ्यात जन्मला, गव्हाणीत निजवला. तर ही उठून बसली. "अय्य शिवा! बाळंतिनीला गोट्यात ठिवले? मंग शेक-शेगडी कोन दिलं? डिंकाचं लाडू कोन केलं?" मी म्हटलं, अहो मल्लव्वा, देवदूत आले होते. "देवदूताला काय कळतंय बाळंतपनातलं?" म्हणाली. जन्मभर ती गोष्ट ऐकत आले गं मी, लहान मुलांना शिकवत आले, पण त्या बाईला थंडी वाजली असेल हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

बस ना आता. खिडकीजवळ नको तर इथं, माझ्या खाटेच्या कडेला बस. — ती हलगी होय? सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जवळ आली, उंच नंदीध्वज पेलायची तालीम चालते रोज. आणि आज आमच्या चर्चची माणसंही येतील, गाणी म्हणायला. नाताळच्या आदल्या दिवशी घरोघर जातात, मग इथं व्हरांड्यात उभी राहतात, पेटी-तबला घेऊन. आत येत नाहीत. आमचा आजार असा. तो बघ दाराशी चांदणीचा आकाशकंदील, पतंगाच्या कागदाचा — तोही त्यांनीच लावलाय.

गेल्या वर्षी ही गाणारी माणसं आली तेव्हा मला ताप होता. साधा नव्हे — उतरतच नव्हता. डॉक्टर आमच्या ह्यांना बाहेर घेऊन गेले होते नि आत आल्यावर ह्यांनी माझ्याकडे न बघता उशी नीट केली. मी काय ते समजले. आणि बाहेर गाणं चाललंय, प्रभूनं आमचं तारण केलं, तारण केलं. गाणी संपली, माणसं गेली, आणि मल्लव्वा मला विचारते, "काय म्हनलालेत गं हे? तुमचं देव पोराला तारण ठिवलं?" — तुला कळलं का? आमच्यात तारण म्हणजे उद्धार, सुटका. तिला आपलं दुकानातलं तारण माहीत. मला इतकं हसू आलं, त्या तापात — हसले नि खोकले नि रुमाल भरला रक्तानं. मग मी तिला समजावू लागले. म्हटलं, तसं नव्हे हो — आणि बोलता बोलता मलाच वाटलं, तसं नाही कसं? तसंच तर आहे. आपण अडकलो होतो, आपल्या जागी त्यानं स्वतःला ठेवलं. ती विचार करत बसली. "मंग सोडवलं कोन त्याला?" म्हटलं, कुणी नाही, तिसऱ्या दिवशी आपणच उठला. "हां," म्हणाली, "म्हंजे याजासकट सुटला की. पक्का व्यवहार हाय. हे पटलं मला."

आणि मग ती त्या खाटेवर उठून बसली, पदर डोक्यावर घेतला, लिंग तळहातावर घेतलं, आणि तोंड मात्र त्या कंदिलाकडे केलं. मला वाटलं, थट्टा चाललीय. तर काय म्हणाली ठाऊक आहे? मोठ्यानं म्हणाली, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तशी — "बाळा, मी मल्लव्वा, अक्कलकोटची. माज्यामागं रडनारं कोन न्हाय. हिला दोन लेकी हायत. तर मला तारण ठिवून घे, आनि हिला सोड."

आणि मी — थांब, पाणी दे जरा. त्या तांब्यातलं.

आता बघ रंभा, आमच्यात लहानपणापासून सवय असते. कुणी प्रार्थना केली, शेवटचा शब्द झाला, की आपण म्हणायचं आमेन. आमेन म्हणजे तसंच होवो. मुलं बोलायला लागली की आधी आई म्हणतात, मग आमेन म्हणतात. झोपेत असलं तरी निघतं तोंडातून. ठेच लागल्यावर आई गं म्हणतो, तसंच. विचार करून नाही गं म्हणत कुणी. — मी आमेन म्हटलं. तिचं वाक्य संपलं आणि मी म्हटलं आमेन. मल्लव्वानं मान हलवली, सौदा झाल्यासारखी, आणि आडवी झाली. मी लगेच म्हटलं, अहो, असं बोलू नये, मागे घ्या ते. "झोप गं," म्हणाली, "झाला व्यवहार."

सकाळी ती — घरी नाही गेली, रंभा. सकाळी सिस्टर उठवायला गेल्या तर ती गार होती. आणि माझा ताप उतरला होता.

मला सांगायचं नव्हतं हे तुला. तुला थांबवायला बसले होते आणि काय सांगत बसले बघ. — नाही, डॉक्टर म्हणाले तिचं हृदय थकलं होतं, कधीही व्हायचंच होतं, आणि मला नवी गोळी चालू केली होती तिचा गुण आला. असेलही. आमच्या चर्चचे पाळक आले होते, ते म्हणाले, देव असे सौदे करत नाही सुवार्ताबाई, तुम्ही उपकारस्तुती करा. आमच्यात बरं झालेल्यानं देवळात सगळ्यांपुढे उभं राहून देवाचे उपकार मानायचे असतात. मी गेले की. होळीनंतरच्या रविवारी. उभी राहिले. थोरलीनं परकर नेसला होता, धाकटीनं माझं बोट धरलं होतं, सगळे माझ्याकडे बघताहेत — आणि माझ्या तोंडातून एक शब्द फुटेना. देवाचे आभार कशाबद्दल मानू? ती गेली याबद्दल? बसले खाली. लोकांना वाटलं, अशक्तपणा.

तेव्हापासून ती आहे. दिसत नाही, तसलं काही नाही, आणि भिऊ नकोस. पण घरी होते तेव्हा मुलीची वेणी घालताना वाटायचं, ही वेणी मल्लव्वाची आहे. भाकरी फुगली तव्यावर — ही तिची. आधी मी जेवणापूर्वी देवाचे उपकार मानायची ते गणितातला पाढा म्हणावा तसे. आता पाण्याचा घोट घेतला तरी कुणीतरी बघतंय, मी तो कसा पिते ते. यालाच विश्वास म्हणतात का गं? मला वाटायचं, विश्वास म्हणजे शांती असते. मी तर रात्री दचकून उठते. पण पूर्वी मी नुसती ख्रिस्ती होते, आणि आता मला ठाऊक आहे की कुणीतरी माझ्या जागी गेलं. गोष्टीतलं नव्हे, शेजारच्या खाटेवरचं. आणि दिवाळीनंतर पुन्हा रक्त पडलं ना, तेव्हा पहिल्यांदा काय आलं मनात सांगू? तारणाला मुदत असते. मुदत संपली.

म्हाळसाबाईला हसले मी मघाशी. आणि परत आले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, खिडकीची खाट रिकामी आहे, उजेड आहे, तिथं झोपा. मी म्हटलं, नको, वारं लागतं. वारं कुठलं! मॅट्रिक झालेली बाई मी, आणि त्या खाटेकडे पाठ करून झोपते. बघ, अजून पाठच आहे माझी तिकडे.

काय म्हणालीस? — मी तुझ्यासाठी मागू? तिनं मागितलं तसं? नाही गं बाई. नाही. एवढी छाती नाही माझी. मला मुली आहेत. — वाईट वाटून घेऊ नकोस. रडू नकोस, रडलं की खोकला येतो. अगं, तुला कुणी तारण ठेवायची गरज नाही, वीस वर्षांची तू, इंजेक्शनं घेतलीस, अंडी खाल्लीस, तर पुढच्या सुगीला शेतात उभी राहशील. एवढं फक्त कर, आज जाऊ नकोस.

ऐक. पेटी वाजतेय ना? आलीच माणसं.

असं करू. उचल ते गाठोडं. तिकडे नाही — इकडे, माझ्या खाटेवर ठेव. चादर माझीच आहे, सिस्टरांना सांगून धुतलेली घालून घेऊ. तू इथं झोप. मी तिथं झोपते. — अगं हो, मीच. वर्ष झालं, किती दिवस पाठ करून झोपायचं? तिचे उपकार मानायचे राहिलेत माझे, ते देवळात नाही जमले, तिथंच जाऊन मानते. मल्लव्वा, तुझ्यामुळं दोन लेकींच्या वेण्या घातल्या मी होळीपासून दिवाळीपर्यंत — एवढंच म्हणायचंय. पुढचं काही मागायचं नाही मला, मुदतसुद्धा नाही.

हात दे जरा. हं. गादी बरी आहे की. — उभी काय राहिलीस? झोप जा. आणि हे बघ, मी पुटपुटताना ऐकू आलं तर तू आपली गप्प राहा. तोंडातून एक अक्षर काढू नकोस. जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळसाबाई झाडायला आली, तेव्हा रंभा खिडकीजवळच्या खाटेपाशी उभी होती, सुवार्ताबाईच्या नाकासमोर बोटं धरून. सुवार्ताबाई झोपेत होत्या. श्वास चालू होता.